सातशे अंशांवरचा ठसा

२ तारीख
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेआधी हजर! प्रयोगशाळेच्या दाराशी हजेरीयंत्रात अंगठा नोंदवला. भाड्याची खोली लहान आहे, पण खिडकीत ऊन येतं. पाच वर्षांच्या ठकूला आईकडे ठेवून येताना जीव तुटला. नोकरी कायम झाली की लेकीला इथेच आणायचं.

काम सोपं वाटतंय. बंद भट्टीत तापलेल्या चकतीवर धातूच्या ऑक्साईडचा अतिपातळ थर चढवायचा. विजेचा झटका दिला की थराचा रोध उतरतो, उलटा दिला की चढतो, आणि वीज बंद केल्यावरही थर ते लक्षात ठेवतो. किती दिवस, ते भट्टी किती तापवली यावर. सर म्हणाले, न विसरणारा थर दाखव, तुझी कायमची ऑर्डर माझ्याकडे लागली.

६ तारीख
काल तीनशे अंश. थर सकाळपर्यंत सगळं विसरला. अगदी माझ्यावर गेलाय. काल चकतीच्या कोपऱ्यात बोटाचा पुसट ठसा होता. मी हातमोजे घालते, चिमट्याने उचलते, मग हे बोट कुणाचं? संध्याकाळी हजेरीयंत्राने मला ओळखलं नाही. आज ओळखलं, आणि चकतीवरचा ठसाही गेला होता.

१९ तारीख
पाचशे अंशांचा थर आठवडाभर टिकला. ठसा भिंगाखाली पाहिला. त्यावर विळीने कापल्याची खूण होती. माझाच अंगठा.

आठवडाभर यंत्रापुढे रोज हात दाखवून अवलक्षण. सर म्हणाले, ॲसिटोनने कातडी झिजते, सही करत जा. परवा चहाचं पातेलं नुसत्या हाताने उतरवलं, चटकाच बसला नाही. काल थर विसरला आणि आज बोट भाजलं. भाजल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

२१ तारीख
सरांना सातशे हवेत. नाही म्हणायचंही त्राण उरलेलं नाही. आई ठकूला घेऊन आली आहे. सकाळी ठकूने बसथांब्यापर्यंत माझं बोट मुठीत धरलं होतं, सोडेचना. म्हटलं, हा शेवटचा थर. माझा एक अंगठा गेला तर गेला.

२२ तारीख
यंत्राने मला लगेच ओळखलं. अंगठा शाबूत आहे.

चकतीवर ठसा आहे. एवढासा. लहान मुलाचा—

उलटा झटका दिला. पुन्हा दिला. आणखी मोठा— थर ढिम्म. सर खूश. ऑर्डर टाइप करायला दिली म्हणाले.

घरी
आई कौतुकाने सांगतेय, पोर शहाणी झाली, दूध गरम आहे म्हणून रडत नाही. पेल्यातून वाफ येतेय. ठकूने तो दोन्ही हातांत—

पेला काढून घेतला. तळवे लाल झालेत. ती हसतेय.

म्हणतेय, आई, माझा हात धर ना.

धरलाय गं. डाव्या हाताने, घट्ट, हे लिहितानासुद्धा— ती पुन्हा तेच म्हणतेय, आई, धर ना, आणि मी—