वामनरावांच्या वाट्याची विहीर

मी, इंदूबाई, कै. विठ्ठलराव गावंडे यांची पत्नी, वय सेहेचाळीस, राहणार मौजे बोरखेडी, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. पोटातल्या गाठीने शरीर खंगले आहे, डोके शाबूत आहे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही; धाकात पुष्कळ वर्षे काढली.

१. राहते घर आणि भांडीकुंडी नणंद बेबीताई हिला. तिने मला कधी पांढऱ्या कपाळाची म्हटले नाही.

२. सर्वे नंबर ४१ मधील पाच एकर शेत, त्यातील विहीर, पहार आणि घमेली रुपीबाई रामधन राठोड, राहणार तांडा, हिला. छप्पनच्या वारसा कायद्याने शेत माझे आहे. वकिलांना विचारले आहे. रुपीबाई नात्याची नाही, म्हणून कारण लिहिते. विहीर अर्धी झाली तेव्हा हे गेले. पाटल्या मोडून मी काम पुढे नेले. रामधनने सुरुंग लावले, रुपीबाईने आणि मी मुरूम वाहिला. पाणी लागले त्या दिवशी आम्ही दोघी चिखलात बसून हसलो. तशी मी पुन्हा हसले नाही.

३. सन १९६१ मध्ये नव्या विहिरींना सरकारी अनुदान आले. मी अर्ज केला. ओव्हरसियर पाहणीला येतील त्याच दिवशी जलपूजन करू, असे धाकटे दीर वामनराव यांनी सुचवले. मी हौसेने पुरण वाटले.

"वहिनी, तुमी लिंबाखाली उभ्या राहा. मी न् वच्छला बसतो पूजेले."

विधवेने बसायचे नाही, हे मलाही मान्य होते. माझी चूक तीच. साहेबांनी पाटावर बसलेल्यालाच विचारले, विहीर कोणाची? वामनराव म्हणाले, "आमची," आणि स्वतःचा सर्वे नंबर ४२ सांगितला. मी नैवेद्याचे ताट धरून ऐकत राहिले.

अनुदान त्यांना मिळाले. मला उत्तर आले, "आपल्या शेतात विहीर आढळली नाही."

जाब विचारला तर म्हणाले, "कागद कायबी बोलू द्या ना, वहिनी. पाणी तं घरातच राह्यते!"

रुपीबाईने तोंडावर विचारले, "काहून जी, इहीर का शेळी हाये, दावं सोडून दुसऱ्याच्या दारी बांधाले?"

तेव्हापासून त्यांची संत्र्याची बाग माझ्या विहिरीवर जगते. झाडांचा काय दोष, म्हणून मी पाणी तोडले नाही. बहर आला की बांधावरून वासही घेतला. आता एवढे मऊ राहणे नको.

४. ज्यावर ते पूजेला बसले तो शिसवी पाट वामनरावांना. त्यावर बसून काय मिळते, ते त्यांना ठाऊक आहे.

५. सरकारी कागदावर नंबर ४२ मध्ये असलेली विहीर संपूर्ण वामनरावांची आहे. तिच्यावर माझ्या वारसांनी कधीही हक्क सांगू नये. बागेला त्यांनी तिचेच पाणी द्यावे. माझ्या विहिरीवर दावा करायचा असेल, तर अनुदानाची विहीर कुठे आहे ते आधी साहेबांना दाखवावे.

६. बागेकडे जाणारा पाण्याचा दांड माझ्या तेराव्याला रुपीबाईने स्वतःच्या फावड्याने बुजवावा. माझ्या नावाने रडायचे असेल तर त्यानंतर.

हे सर्व मी लिहून मोठ्याने वाचले, साक्षीदारांनी ऐकले.

बोरखेडी, दिनांक ९ मार्च १९६४
सही : इंदूबाई विठ्ठलराव गावंडे

साक्षीदार :
१. हरिसिंग पूनमसिंग चव्हाण, राहणार तांडा. सही.
२. वच्छलाबाई वामनराव गावंडे. डाव्या हाताचा अंगठा. तिच्या सांगण्यावरून तिचे शब्द जसेच्या तसे : "पूजेले मीच बसली होती. इहीर जाऊबाईची हाये."