टपावरची पेटी

टाबोर, १६ मार्च १९९७

प्रिय ब्लांकाताई,

तुझं पत्र आणि पार्सल दोन्ही पोचलं. कस्टमवाल्यांनी पार्सल उचकटून पाहिलं होतं, पण टोपी शाबूत आहे. केवढी लालभडक गं! बाबांनी ती तिथल्या तिथे डोक्यावर चढवली आणि तशीच घालून पाव आणायला गेले. बेकरीतल्या बाईला म्हणे सांगितलं, "कॅनडाहून आलीय, हात लावू नका." तू विणायला कधी शिकलीस? आई शिकवायला बसवायची तेव्हा तर सुया टाकून पळायचीस.

आम्ही सगळे मजेत. तुझ्या भावजयीला, इवोनाला, बँकेत बढती मिळायची चिन्हं आहेत. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, एवढंच.

यंदा स्की करायला बर्फावर कधी जाणार, असं तू विचारलंस. ठरलंय. ईस्टर उलटल्यावर, एप्रिलच्या मध्याला. दरी तीच, घरमालकीण तीच, स्वयंपाकघरात कोपऱ्यातलं बाकडंही तेच. ईस्टर सरला की तिचं भाडं निम्म्यावर येतं. पेट्रोल सीमेच्या अलीकडेच भरायचं, बटाटे आणि डबाबंद मांस इथूनच न्यायचं, तिथे फक्त दूध घ्यायचं. बर्फ टणक असेतो सकाळी उतारावर, दुपारी त्याची लापशी झाली की घरी. ही सगळी रीत बाबांनीच घालून दिलेली, तुला ठाऊकच आहे. "ईस्टरच्या आधी जातो तो पैसेवाला, नंतर जातो तो शहाणा," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

या खेपेला इवोनाच्या बँकेतले कुबेल्का आणि त्यांची बायको आहेत बरोबर. कुबेल्का म्हणजे तिचे साहेब. माणूस टापटीप, जर्मन फाडफाड बोलतो. इवोना म्हणाली, "लुबोश, निदान यंदा तरी जरा माणसांसारखं जाऊ या." माणसांसारखं म्हणजे दुपारी वरच्या लाकडी हॉटेलात बसून गरम सूप मागवायचं, पिशवीतून पुडकी काढायची नाहीत.

गेल्या वर्षीची गंमत तुला सांगितली होती का? त्याच हॉटेलाच्या गच्चीवर पाटी लागली होती: 'स्वतःचं खाणं इथे खाऊ नये.' आणि ती फक्त आपल्या चेक भाषेत! जर्मनमध्ये नाही, डच लोकांसाठीही नाही. बाबांनी ती मोठ्यानं वाचली, "अरे वा, आपली भाषा इथवर पोचली!" म्हणाले, आणि त्याच पाटीखाली बसून पुडकं सोडलं. तेच, आईच्या पद्धतीचे, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले मांसाचे काप. वाढणारी मुलगी रागानं आली तर तिच्यापुढेच एक काप धरला. "घे गं, हाडं वर आलीत तुझी." सगळी गच्ची हसत होती. मी दोन टेबलं सोडून बुटाची नाडी बांधत होतो. बराच वेळ बांधत होतो.

टोपी घातलेला बाबांचा डोंगरावरचा फोटो हवा म्हणतेस, त्याचं बघू. दर पत्राखाली बाबांच्या चार ओळी असतात, या वेळी नाहीत. घाईत टाकतोय, म्हणून.

तुझा,
लुबोश


टाबोर, २७ एप्रिल १९९७

ब्लांकाताई,

तुझं उत्तर यायच्या आतच पुन्हा लिहितोय. कॅनडात सगळे ठणठणीत असतील असं धरून चालतो आणि मुद्द्यावर येतो, नाहीतर पुन्हा गुडघ्याबद्दल लिहीन.

बाबा आमच्याबरोबर आले नाहीत. म्हणजे मीच त्यांना नेलं नाही.

मी त्यांना म्हणालो, यंदा कुठे बर्फ उरलाय, सगळीकडे वितळलाय, राहू दे. ते "बरं" म्हणाले. एवढं सोपं गेलं की मला हुश्श झालं. वाईट वाटलं नाही गं तेव्हा, हुश्श झालं! आता ते हुश्श आठवलं तरी कानशिलं तापतात.

पण स्की न्यायच्या तर गाडीच्या टपावरची ती लांब पेटी हवी, आणि पेटी बाबांच्या गॅरेजात. आदल्या संध्याकाळी गेलो. बाबा खुर्चीवर बसून रेडिओ ऐकत होते. डोक्यावर तुझी टोपी.

"बाबा, पेटी हवी होती. इवोनाचं कपाट हलवायचंय."

"कपाट? पेटीतून?"

"म्हणजे फळ्या. सुट्या करून."

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं. मग रेडिओ बारीक केला. "सकाळी ये. पुसून ठेवतो."

सकाळी पेटी दाराशी तयार. आम्ही दोघांनी मिळून ती टपावर चढवली. प्रत्येक खिट्टी त्यांनी स्वतः आवळली, वर हात मारून पाहिलं. "कपाट जपून हलव," म्हणाले. "कंबर सांभाळ."

घरी येऊन आमच्या स्की भरायला झाकण उघडलं. बाबांच्या स्की वर्षभर त्या पेटीतच असतात ना, त्या नव्हत्या. त्यांनी काढून ठेवल्या होत्या, आमच्या मावाव्यात म्हणून. चाकांच्या साखळ्या नीट घडी करून एका बाजूला. आणि मधोमध टॉवेलात गुंडाळलेलं पुडकं. अजून कोमट होतं. पहाटे उठून तळलं असणार. चौघांना पुरून उरेल एवढं.

इवोना माझ्या मागे उभी होती. तिनं टॉवेल ओळखला. "आता?" म्हणाली.

तेव्हा परत फिरता आलं असतं, ताई. गॅरेज चार गल्ल्या पलीकडे. बाबांना "चला" म्हटलं असतं तर टोपीसकट येऊन बसले असते. गाडीत मागची मधली जागा रिकामी होती. बिऱ्हाडात कोपऱ्यातलं बाकडं रिकामं होतं, तिथे दरवर्षी तेच झोपतात. मी म्हणालो, "आता काय? कुबेल्का खाली वाट बघत असतील." आणि पुडकं स्कीखाली सारलं. इवोनाला दोष देऊ नकोस. माणसांसारखं जाऊ या असं ती म्हणाली होती, बाबांना टाकून जाऊ या असं नव्हती म्हणाली. ते मी ठरवलं.

बर्फ? बर्फ उत्तम होता. सकाळचा तर असा की बाबांनी शिट्टी वाजवली असती.

दुपारी हॉटेलात सूप मागवलं. वाटी एवढीशी आणि आत शेवया पोहतायत. कुबेल्का साहेब मोठ्या ऐटीत प्यायले. मीही ऐटीत प्यायलो. बिऱ्हाडी आल्यावर सगळे आडवे झाले आणि माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले. म्हटलं, गुपचूप पुडक्यातला एक काप खाऊ. टपावरच्या पेटीतून पुडकं काढलं, जाकिटाखाली लपवलं, चोरासारखा स्वयंपाकघरात शिरलो.

बाबांच्या बाकड्यावर कुबेल्का बसले होते. पायात मोजे, मांडीवर चांदीचा कागद, हातात तळलेला काप! तोंड गच्च भरलेलं.

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. त्यांनी घास गिळला. "बायको म्हणाली, यांच्यासमोर काढू नका," ते म्हणाले. "म्हणाली, ही सूप पिणारी माणसं आहेत."

मी जाकिटाची चेन उघडली.

मग काय विचारतेस! ते एवढे हसले की बायका उठून आल्या. बटाटे उकडले, लोणच्याची बरणी फोडली. त्यांचे काप, आपले काप, सगळं एका ताटात. कुबेल्कांनी माझ्या पुडक्यातला एक चाखला आणि म्हणाले, "हे जास्त चांगलेत. कुणी केले?"

"बाबांनी."

"स्की करतात ते?"

"करतात."

"अहो, मग आणायचं ना त्यांना! मधली जागा होती की."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "त्यांना बरं नाहीये." इवोना खाली ताटात बघत राहिली. मी हातातला काप परत ताटात ठेवला. कुणासाठी लाजलो मी, ताई? त्या माणसानंही तेच पुडकं लपवून आणलं होतं.

परत आल्यावर पेटी द्यायला गेलो. एप्रिलच्या उन्हात दोन दिवस घालवले की डोळ्यांभोवती चष्म्याची पांढरी खूण राहते आणि नाक सोलवटतं, हे तुला आठवत असेल. मी तसाच त्यांच्यासमोर उभा.

"हलवलं कपाट?"

"हलवलं."

"जड होतं?"

"हो, बाबा."

त्यांनी माझ्या नाकाकडे पाहिलं. आत गेले, आईच्या मलमाची डबी आणून माझ्या हातात दिली आणि पेटी पुसायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं गं. मी टॉवेल द्यायला पुढे केला, तर म्हणाले, "धुऊन आणायचास तरी." मी तो परत घेऊन आलो. धुतलाय. इस्त्रीही केली, मूर्खासारखी.

त्यांच्यासमोर उभं राहून हे सांगायचं म्हणून दोनदा गेलो आणि हवामानावर बोलून परत आलो. म्हणून हे पत्र मी न चिकटवता त्यांच्याकडे घेऊन जातोय. नेहमीसारख्या खाली चार ओळी लिहायला. लिहायच्या आधी ते चष्मा लावून पहिल्यापासून सगळं वाचतात, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. ते वाचेपर्यंत मी तिथेच बसणार आहे. बुटाची नाडी बांधणार नाही.

तुझा भाऊ, आणि ज्यांच्या हातात आत्ता हे पत्र आहे त्यांचा मुलगा,
लुबोश


ब्लांका,

वाचलं. तो समोर बसलाय, टॉवेल मांडीवर घेऊन. इवोनाचं कपाट भिंतीत बसवलेलं आहे. मीच बसवलं, आणि हाच खिळे धरायला होता. निदान खोटं तरी नीट बोलायचं.

काप खारट झाले होते का, ते कुणीच सांगितलं नाही.

टोपी छान बसते. फोटो सोबत आहे, शेजारणीनं काढला, ही मंडळी तिकडे होती तेव्हा. मागे डोंगर नाही, गॅरेज आहे. पुढच्या वर्षीचं मला विचारू नकोस, ते त्याला विचार.

बाबा