सपाट चाप कोणी बसवला

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, पिस्तुले दुरुस्त करणारा कारागीर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी तो नाडीही न बघता दिला, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही जोडला आहे.

१. राहते घर पत्नीला. कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडे आहे हे मला माहीत आहे. मला माहीत नाही, असे ती समजते.

२. हत्यारांची यादी मी स्वतः केली आहे. बारीक कानशी सतरा आहेत. माझ्यामागे सोळा भरल्या तर आधी शेजारच्या कुलूपवाल्याकडे बघावे.

३. माझ्या हातचे नेमबाजीचे पिस्तूल, परवान्याच्या नियमांप्रमाणे, मुलीला.

४. धाकट्या भावाला काहीही नाही. फक्त काडेपेटीत ठेवलेला, पिस्तुलाचा बोटाने ओढायचा सपाट चाप त्याच्या हातावर ठेवावा. कारण असे, की बावीस वर्षांपूर्वी मुलीची संघनिवडीची स्पर्धा होती. तिच्या पिस्तुलाला मी वक्र चाप घडवला होता. वक्रात बोट दर वेळी एकाच जागी बसते. धाकट्याचा हट्ट सपाट चापाचा. शेवटच्या दहा गोळ्यांना मी तिच्या मागे, प्रेक्षकांच्या काचेआड उभा होतो. दहाही डावीकडे गेल्या आणि एका गुणाने तिची जागा हुकली. नंतर पिस्तूल हातात घेतो तर माझा चाप गायब, जागी सपाट! सख्ख्या भावाने केसाने गळा कापला. त्याच दिवशी त्याला कारखान्यातून हाकलले. त्याने हूं की चूं केले नाही. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?

५. कलम चार रद्द. ते खोडले नाही, कारण खाडाखोड दिसली की लोक संशय घेतात. झाले असे, की ते कलम मुलीला वाचून दाखवले.

"बाबा, चाप मीच बदलून घेतला होता. काकाच्या मागे लागून."

"माझ्या चापात काय खोट होती?"

"तो तुमच्या बोटाचा होता. माझं बोट पुरायचंच नाही. नुसतं टोक टेकायचं, की गोळी चालली डावीकडे."

मी विश्वास ठेवला नाही. तिच्या बोटाचा मेणात ठसा घेतला आणि तिने जपून ठेवलेला वक्र चाप त्यावर टेकवला. पाव इंचाचा फरक निघाला. प्रत्येक पिस्तूल स्वतः चालवून बघायची सवय, त्यामुळे तो वक्र मी माझ्याच बोटावर बेतला होता. तरी काका-पुतणीचे संगनमत असेल म्हणून तिला दोन्ही चापांवर दहा-दहा गोळ्या मारायला लावल्या. वक्राच्या डावीकडे गेल्या, सपाट चापाच्या सगळ्या लक्ष्याच्या मधल्या काळ्या वर्तुळात बसल्या. लांब बोटाला वक्रच बरा, हे मी अजूनही म्हणतो.

"मग त्या दिवशीच्या शेवटच्या दहा?"

"आधीच्या पन्नास चांगल्या गेल्या होत्या, बाबा. मग वळून बघितलं तर काचेआड तुम्ही दिसलात. माझ्या बोटाकडे बघत होतात. वाटलं, आता चाप दिसणार तुम्हाला. म्हणून बोट आखडून टोकानेच दाबत राहिले."

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"काका म्हणाला, दादा माझ्यावर रागावू दे. तुझ्यावर रागावला तर तू नेमबाजीच सोडशील."

मला लाज वाटली. अजून वाटते आहे.

६. कारखाना आणि सतराही कानशी धाकट्याला. कलम तीनला जोड: मुलगी नेम धरत असताना तिच्या मागे कोणी उभे राहू नये.

७. धाकट्याला वाटा मिळतो म्हणून त्याला साक्षीदार होता येत नाही. पण तो आज आला आहे. वकील म्हणतात, सह्या होताना कागदावर डोळा ठेवा. कागद धाकटा धरील. मी सही करीन आणि मग साक्षीदारांच्या सह्या होईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसेन.

ठिकाण: कारखान्याची मागची खोली
दिनांक: सात मार्च, सकाळी अकरा

सही: थोरला भाऊ, कारागीर

साक्षीदार:
१. शेजारचा कुलूपवाला (कानशी त्याच्यासमोर मोजल्या. सतरा आहेत.)
२. समोरच्या दुकानातल्या शिंपीणबाई