वास घेणाऱ्याच्या तोंडाचा वास

श्रमदान शिबिर, डाळज
गुरुवार, फेब्रुवारी १९५६

तीर्थरूप मोहनतात्या यांच्या पायांवर पुतण्या कुंडलिकचं डोकं.

कन्हेरीला सगळी मंडळी सुखरूप असतील, चंद्राकाकूंच्या गुडघ्याची सूज उतरली असेल आणि वांग्यांवरची कीड गेली असेल, असं धरून चालतो. मीही खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. (खरं काय ते पुढं आहे.) अक्षर वाकडं आलंय ते थंडीनं नव्हे, भीतीनं. मला तुमच्याकडं काहीएक मागायचं नाही. वडीलधाऱ्यांच्या कानावर असावं, एवढ्यासाठीच हा कागद.

आमच्या कॉलेजची बासष्ट मुलं गावापासून सडकेपर्यंतचा रस्ता बांधायला इथं आलीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. निघताना प्रिन्सिपॉलसाहेबांनी एक परिपत्रक काढलं आणि शिपायापासून प्रोफेसरापर्यंत सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दारू, गांजा, भांग, अफू यांतलं काहीही घेणारा, जवळ ठेवणारा किंवा घेणाऱ्याला पाठीशी घालणारा विद्यार्थी असेल तर त्याचं नाव कटेल, नोकर असेल तर नोकरी जाईल. आता नियम केला की तो पाळला जातो की नाही हे बघायला माणूस लागतो. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला, म्हणजे वासाचा जाणकार, असं साहेबांनी ठरवलं. तेव्हापासून रोज सकाळी हजेरीच्या वेळी मुलं रांगेनं माझ्यासमोर येतात, ‘हा’ करतात आणि मी हुंगून वहीत खूण करतो. (प्रोफेसरांनाही ‘हा’ करायला लावावं लागतं. त्यांतल्या एकांनी परवा मुद्दाम मुळा खाल्ला होता.) आई विचारील, पोरगा शिकून काय करतो, तर तिला हे सांगू नका.

मंगळवारी माझी डावीकडची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. काल सकाळी मी आमचा मुक्काम आहे त्या शाळेच्या मागं गाल धरून फिरत होतो, तर शेजारी रंगूबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांनी पाहिलं आणि हाताला धरून घरात नेलं. कापसाचा बोळा कशात तरी बुडवून दाढेत दाबला आणि म्हणाल्या, “दिस मावळंपातुर काढू नगा, मास्तर. आवशिद हाय.” मला वास कळला नाही असं तुमच्यापाशी कसं लिहू? कळला. पण दाढ दुखत असली की माणसाचं नाक पंचाईत करत नाही. ठणका असा थांबला की त्या क्षणी मला परिपत्रक, नोकरी, दारूबंदी खातं, काही आठवलं नाही. आठवलं ते हजेरीची घंटा झाल्यावर.

बोळा काढावा तर जीव जातो, ठेवावा तर नोकरी जाते. मी ओठ शिवल्यासारखे मिटले आणि उभा राहिलो. नेमके काल साहेब स्वतः माझ्या शेजारी येऊन थांबले. तोंड मिटून नाकानं श्वास घेत मी पंधरा-वीस मुलं काढली. मग सिद्धू आला. हा इंदापूरकडचा, बापाची भाजीची बागायत, घराण्यात मॅट्रिक झालेला पहिलाच. त्यानं ‘हा’ केलं आणि त्याच वेळी मला ढेकर आला. दाबला, पण सगळा काही दाबता आला नाही. साहेबांनी मान वर केली. “वास येतोय. कुंडलिकराव, येतोय ना वास?”

तात्या, वास येत होता. मी मान डोलावली.

खोटं काही बोललो नाही, पण त्या मानेवर त्याच वेळी कुऱ्हाड पडती तर बरं झालं असतं. सिद्धूला ट्रंक भरायला सांगितली. तीनच्या एस.टी.नं घरी, सोबत बापाला पत्र. मी दुपारपर्यंत घमेली उचलली, कुणाशी बोललो नाही. (मुलांना वाटलं, मास्तरांना वाईट वाटलंय. ते वाटतच होतं.) शेवटी राहवेना, म्हणून लिंबाखाली तो ट्रंकेवर बसला होता तिथं गेलो. लांबच उभा राहिलो. तो मला शिव्या देईल, निदान रडेल, असं वाटलं होतं. तो म्हणाला, “सर, तुमीच वास घेतला न्हवं? मग आसंलच. मला ठावं न्हाय कसा आला त्यो. आण्णांला काय सांगू, तेवढं सांगा.”

माझे पाय शाळेच्या खोलीकडं कसे वळले ते मला माहीत नाही. साहेब सिद्धूच्या बापाला लिहिलेलं पत्र पाकिटात घालत होते. मी वाटेत चांगलं भाषण जुळवलं होतं, त्यात नियमांबद्दल आदरही होता. “सर,” एवढंच म्हणालो आणि साहेबांचा रुमाल नाकाशी गेला. भाषणाची गरजच उरली नाही. मी बोळा काढून परिपत्रकावर ठेवला. साहेबांनी रुमाल न काढता त्याच्याकडं बोट केलं. मग म्हणाले, “कुणी दिलं?” आता म्हातारीचं नाव सांगितलं तर पोलीस तिचं घर खणतील. मी म्हणालो, “वाटेवर एक वैदू भेटला.” “नाव?” “विचारलं नाही.” म्हणजे बघा, घेणाराही मीच आणि पाठीशी घालणाराही मीच.

एवढ्यात सुटणाऱ्या एस.टी.चा हॉर्न झाला. मी वळायच्या आत साहेब धोतराचा सोगा धरून सडकेवर धावले आणि दोन्ही हात पसरून गाडीपुढं उभे राहिले. ड्रायव्हर काय काय बोलला ते लिहीत नाही. सिद्धूला उतरवून घेतलं आणि सगळ्या शिबिरासमोर साहेब त्याला म्हणाले, “चूक माझी झाली.” माझ्याकडं बघून मात्र एवढंच म्हणाले, “सोमवारी पुण्यात, कॉलेजच्या समितीपुढं.”

तर तात्या, अशी गत आहे. काकूंना नमस्कार, धाकट्या रतनला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
कुंडलिक

ता. क. सिद्धू उतरला, पण त्याची ट्रंक टपावरून इंदापूरला गेली. कुणी त्या बाजूला जाणार असेल तर स्टँडवर चौकशी करावी.

ता. क. दुसरा. मागायचं काही नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडत नाही. पण समितीला घरच्या वडीलधाऱ्याचं पत्र हवं आहे की आमच्या घराण्यात दारूला कुणी शिवलेलं नाही. वडील गेल्यापासून वडीलधारे म्हणजे तुम्हीच. तुम्हाला तब्येतीसाठी दारूचं सरकारी परमिट आहे, त्याचा उल्लेख नसावा. तब्येत तर तुमची चांगलीच असते.

ता. क. तिसरा, आणि हाच महत्त्वाचा. तुमचं दिवाळीचं पत्र मी फोडलं तेव्हा खोलीतल्या सोबत्यानं खिडकी उघडली होती. तेव्हा यावेळी स्वतः कागदाला हात लावू नका. तुम्ही अंगणातून सांगा आणि रतननं गोठ्यात बसून लिहावं. शेणाच्या वासाला परिपत्रकात बंदी नाही.