आईची मिश्री आणि माझ्या हिरड्या

शहापूर, गुरुवार संध्याकाळ, २००३

ऑपरेशनला आज चौथा दिवस. सूज उतरलीय, हिरडीवरचा गुलाबी लेप जागेवर आहे. डॉक्टरांनी बजावलंय, तिथं ब्रश नको, तिखट नको, मिठाच्या कोमट पाण्यानं हळूच चुळा भरायच्या. तेवढं मी करतेय. पण आईची मिश्री काही पाठ सोडत नाही. आज पुन्हा बोटावर घेऊन समोर उभी.

"लाव गो, हिरड्या घट्ट होतील. डाक्टरला काय समजतंय!"

भाजलेल्या तंबाखूची पूड, तीही जखमेवर! शेवटी वैतागून खरं सांगून टाकलं. हिरड्या खराब नव्हत्याच. हसताना फार दिसायच्या, म्हणून कापून घेतल्या.

वाटलं, आता शिव्या घालेल. तिनं ती मिश्री स्वतःच्याच दातांना लावली, अंगणात जाऊन थुंकली आणि म्हणाली, "तुझा बापूस असाच हसायचा. सगळ्या हिरड्या दिसायच्या."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मला हे कसं आठवलं नाही? उठून भिंतीवरचा फोटो बघितला. घरात त्यांचा तो एकच फोटो, आणि त्यात ते तोंड मिटून बसलेत.