होडीत बायकोची जागा

२ जानेवारी, सकाळ
संकल्प. यंदा शिडाची होडी. डिझाइन माझं. छोटी, लाकडी, क्लासिक. सकाळी तलावात सोडायची, संध्याकाळी परत. लग्नात बायकोला शब्द दिला होता, तुला पाण्यावर नेईन. एप्रिलमध्ये लग्नाला पंचवीस वर्षं होतील. मधल्या काळात तिने विषय काढला नाही. विश्वास, दुसरं काय!

९ जानेवारी
ड्रॉइंग तयार. समोरासमोर दोन सीट. बायको चष्मा लावून बघत बसली. माझी कुठली, म्हणाली. मी दाखवली. तिने त्या सीटवर पेन्सिलने छोटीशी उशी काढली. मी खोडली. ड्रॉइंगची शिस्त असते.

२४ जानेवारी
होडी वाऱ्याबरोबर आडवी घसरू नये म्हणून मधोमध एक फळी खाली पाण्यात सोडतात. ती फळी ज्यात बसते ती पेटी नेमकी बायकोच्या सीटवर आली. सीट पुढे सरकवली. मग गुडघे कुठे ठेवू, तिने विचारलं. तांत्रिक प्रश्न विचारायला लागली! बरं वाटलं. गुडघ्यांचं नंतर बघू.

११ फेब्रुवारी
रुंदी कमी केली. ढबोल्या होडीला कुणी क्लासिक म्हणत नाही. हे जेवताना बोललो. बायको पोळी अर्धी टाकून उठली. मी होडीबद्दलच बोलत होतो.

३ मार्च
अरुंद होडी कलंडते. उपाय सापडला. वाऱ्याच्या बाजूला वजन हवं. बायकोला वजनकाट्यावर उभं केलं. अगदी हवं तेवढं! तिची पुढची सीट काढूनच टाकली, नाहीतरी रेषा बिघडवत होती. काठावर गोल काढून लिहिलं, ‘भार’. बायकोने वाचलं. मग फोनवर बहिणीला, मला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाली, अगं, बढती मिळाली मला, पोतं झाले.
मेहुणी बराच वेळ हसत होती. त्या घराण्याला डिझाइनची जाण नाहीच.

५ एप्रिल
सुताराने होडी पूर्ण केली. देखणी! बायको हल्ली वाद घालत नाही. डिझाइन पटलेलं दिसतं.

१८ एप्रिल, दुपार
लग्नाचा वाढदिवस. बायको नवी साडी नेसून धक्क्यावर आली. कुठे बसू, म्हणाली. काठावर टेकायचं आणि मी ओरडलो की अंग बाहेर झोकायचं, असं समजावलं. तिने होडीकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, तुम्ही व्हा पुढे.
झालो. वाऱ्याचे दोन झोत आले. दुसऱ्यात होडी उलटी, मी पाण्यात. तळाला धरून तरंगत होतो, तेवढ्यात भाड्याची वल्ह्यांची होडी जवळून निघाली. आत बायको. पाय लांब करून बसली होती. नावाड्याने विचारलं, बाई, हे तुमचे कोण?
ती म्हणाली, ओळखीचे आहेत.
मग त्याला म्हणाली, तुम्ही चला, धक्क्यावर सांगू कुणाला तरी.