बाबांच्या दिव्याबद्दल ताईस खुलासा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत लचक भरली, पण तो या पत्राचा विषय नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त झालं का, की अजूनही यंत्रातला आकडा बघून त्यांचा रक्तदाब वाढतो? इकडे सगळे ठीक. बाबांची सर्दी गेली, खोकला नाही, तापही नाही. मी आत्ताच बघून आलो, म्हणजे हे वाक्य लिहायच्या आधी एकदा आणि लिहून झाल्यावर एकदा.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. परवा ‘महिनाअखेरीस येते आणि बाबांना कायमचं माझ्याकडे घेऊन जाते’ म्हणालीस आणि फोन ठेवलास, तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. म्हणून हे पत्र. कृपा करून पहिल्या ओळीपासून वाच, नेहमीसारखं मधूनच सुरू करू नकोस.

तू बाबांना शेवटचं पाहिलंस ते घशाच्या ऑपरेशनच्या आधी, त्यामुळे त्यांच्या आवाजाचं काय झालंय याची तुला नीट कल्पना नाही. शाळेत कवायत घेताना मैदानाच्या एका टोकाला त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की दुसऱ्या टोकाची पोरं ताठ व्हायची, आणि घरात आपण दोघं, दूधवाल्यासकट. आता घशातून निघते ती नुसती कुजबूज. (रागवायला ती पुरते, हे वेगळं.) त्यांची खोली पडली मागे, स्वयंपाकघर पुढे, मध्ये बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी हिचं शिलाई मशीन. हाक ऐकू यावी कशी? आधी घंटी आणली, तर घंटी वाजवून माणसं बोलवायला मी काय साहेब आहे का, म्हणून ती त्यांनी कपाटावर टाकून दिली. मग ग्लासवर चमचा वाजवून पाहिला. त्यात दोन ग्लास गेले. शेवटी मी ठरवलं, आवाज नकोच, दिवा लावायचा.

विजेच्या सामानाच्या दुकानात एक काडेपेटीएवढा डबा मिळाला. तो बारा व्होल्टवर चालतो आणि त्याच्या पोटात रिले नावाचं बटण असतं. हे बटण स्वतःच्या मनाने काही करत नाही, कुणी लांबून रिमोट दाबला की ‘टक्’ करून दिवा लावतं. (आमच्या घरात हे काम इतकी वर्षं मीच करत होतो, असं हिचं म्हणणं.) बाथरूममध्ये करंट उतरला असता तर, असं तू फोनवर ओरडलीस, त्याचंही सांगतो. दिवा, डबा, अडॅप्टर, सगळं स्वयंपाकघरात कोरड्या भिंतीवर आहे. बाबांच्या गळ्यात दोरीला अडकवलेला रिमोट तेवढा असतो, त्यात हातातल्या घड्याळात असतो तसा चिमुकला सेल. वायर म्हणून नाही. तरीसुद्धा सुरुवातीला काही दिवस मी तो दिवा रबरी चपला घालूनच बघत होतो, एवढी काळजी घेतली.

दुकानदाराने विचारलं होतं, लावायला एक आणि विझवायला वेगळं अशी दोन बटणं हवीत, की एकाच बटणावर दोन्ही? म्हटलं एकच बरं, बाबांना लक्षात ठेवायला नको. दाबलं की लागेल, पुन्हा दाबलं की विझेल. इथेच घोडं पेंड खात होतं, पण ते मला दिसलं नाही, कारण मी आपल्या घराण्याचा विचार केला नाही. ताई, आपण खात्री करणारी माणसं. बाबा कुलूप लावून ते ओढून बघतात, फाटकापर्यंत जातात आणि परत येऊन ओढतात. तू गॅस बंद आहे ना हे बघायला बसस्टॉपवरून घरी आली आहेस, तेही स्वतःच्या साखरपुड्याला निघताना. आणि मी पाकीट पोस्टात टाकल्यावर पेटीत हात घालून चाचपतो. अशा घरात मी एकदा दाबलं की लागणारा आणि दोनदा दाबलं की विझणारा दिवा बसवला. वर एकेक रिमोट हिला आणि मलाही ठेवला, खबरदारी म्हणून.

त्या सकाळी बाबा अंघोळ करून स्टुलावर बसले आणि गुडघा अडकला, उठता येईना. त्यांनी बटण दाबलं, दिवा लागला. बाथरूममधून दिवा दिसत नाही, म्हणून खात्रीसाठी पुन्हा दाबलं. विझला. कुणी येईना म्हणून परत दाबलं, आणि नेमका तेव्हा मी चहाला स्वयंपाकघरात आलो. दिवा लागलेला दिसला. मी धावायलाच हवं होतं. पण आदल्या दिवशी असाच धावत गेलो, तर बाबा रिमोट अंगाखाली घेऊन गाढ झोपले होते आणि उठवलं म्हणून मलाच बोलणी बसली. तेव्हा विचार केला, आधी खात्री करावी. माझ्या रिमोटने दिवा विझवला, खरंच गरज असेल तर पुन्हा लावतील. त्यांनी लावला. आणि खात्रीसाठी पुन्हा दाबून विझवला. मला वाटलं, यंत्र करून बघताहेत, रमले बिचारे. मी समाधानाने चहा प्यायलो. (बिस्किटंही खाल्ली. तुझ्यापासून काही लपवत नाही.) मग ही कपडे वाळत घालून आत आली, तिला दिवा लागलेला दिसला, मीच चालू ठेवून गेलो असं समजून तिने तिच्या रिमोटने तो बंद केला.

शेवटी बादली आणायला ही मागे गेली तेव्हा बाबा सापडले. टॉवेल गुंडाळून बसलेले, अंगठा बटणावर, दाबणं चालूच. ते मला जे कुजबुजले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांचे पाय गार पडले होते. ते पुसताना मला रडू आलं आणि बाबांनी ते पाहिलं. तेवढ्यात तुझा फोन आला आणि बाबांनी खरं ते तुला सांगितलं, मधे दोनदा शिंकून.

यंत्राचा दोष नाही, असं ही म्हणाली. ते एकदाच दाबणाऱ्या माणसांसाठी केलेलं आहे. तिनेच मला दुकानात पिटाळून ते बदलून आणवलं. आता वरचं बटण दिवा फक्त लावतं, हवं तितक्यांदा दाबा, विझत नाही. विझवायचं बटण वेगळं, आणि बाबांच्या रिमोटवर ते हिने चिकटपट्टीखाली बंद केलंय. माझा रिमोट जप्त झाला. बाबांना प्रत्यक्ष बघून आल्यावर फक्त हीच दिवा विझवते.

तर हे असं झालं. एवढं वाचूनही तुला बाबांना न्यायचंच असेल तर खुशाल ने. तू मोठी आहेस, तुझाही हक्क आहे, मी आडवा येणार नाही. मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार, आणि त्या यंत्राकडे त्यांना सारखं बघू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. ‘खुशाल ने’ हे खोटं लिहिलं. नेऊ नकोस, ताई. रागाव, येऊन चार दिवस राहा, बाथरूम तपास, पण त्यांना नेऊ नकोस. त्यांच्या खोलीत डोकावल्याशिवाय मला घरात वावरताच येत नाही.

ता. क. पाकीट बंद करता करता वाटलं, बाबांना कुणी विचारलंच नाही. जाऊन विचारलं, तर ते छताकडे बघत बसले. तुझं मन मोडायचं की माझं, हे त्यांना सांगवेना. म्हणून म्हटलं, मी स्वयंपाकघरात जाऊन बसतो. इथेच राहायचं असेल तर बटण दाबा, जायचं असेल तर दाबू नका, मी पुन्हा विचारणार नाही. आणि दिव्यासमोर जाऊन बसलो. दूध उतू गेलं तरी उठलो नाही. दिवा लागला. धावत मागे गेलो, तर बाबांनी कुजबुजत विचारलं, लागला का? म्हटलं, लागला. नक्की? म्हणाले, आणि माझ्या देखत त्यांनी पुन्हा दाबलं. पुढून ही ओरडली, अहो, लागलेलाच आहे.

ता. क. या पत्राची एक नक्कल उद्या वेगळ्या पाकिटातून पाठवतोय, खात्रीसाठी. दोन्ही मिळाली तर दुसऱ्याने पहिलं रद्द झालं असं समजू नकोस.